दवाखान्याबाहेर बॅग घेऊन उभा असलेला एमआर 'कामगार' आहे की नाही? साठ वर्षं चाललेल्या भांडणाची गोष्ट

बीड शहरातला कुठलाही चालता दवाखाना घ्या. वेळ संध्याकाळची. बाकावर पेशंट नंबर लावून बसलेत, कुणी गेवराईहून आलंय, कुणी वडवणीहून. आणि दाराच्या कोपऱ्यात एक पोरगा उभा आहे. इन केलेला शर्ट, पॉलिश मारलेले बूट, खांद्याला जड काळी बॅग. त्याला नंबर नाही. तो कंपाउंडरच्या नजरेची वाट बघतोय. इशारा मिळाला की आत जातो आणि दोन मिनिटांत बाहेर येतो. बाकावरच्या आजी पुटपुटतात, "ह्यो कसा मधीच घुसला?"

तो एमआर. म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. गावाकडं घरचे सांगतात, "पोरगं औषधाच्या कंपनीत आहे." पगार आहे, भत्ता आहे, व्हिजिटिंग कार्डावर 'एक्झिक्युटिव्ह' असं लिहिलेलं आहे.

पण एक प्रश्न विचारला तर भल्याभल्यांची गाडी अडते. हा पोरगा कायद्याने कामगार आहे का? त्याला उद्या सकाळी एका ई-मेलवर घरी बसवलं तर तो दाद मागायला जाणार कुठं?

या एका प्रश्नावर देशातल्या एमआर लोकांची संघटना साठ वर्षांहून जास्त काळ भांडते आहे. त्यात संसद आली, सुप्रीम कोर्ट आलं, मुंबईतल्या कंपन्या आल्या, एक मराठी न्यायमूर्ती आले आणि आता नव्या श्रम संहिताही आल्या. बीएस्सी किंवा फार्मसी करून या नोकरीत जायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट माहीत करून घ्यावी अशी आहे.

आधी समजून घेऊ, एमआर नेमकं करतो काय?

साबण विकायचा असेल तर कंपनी टीव्हीवर जाहिरात करते, तुम्ही दुकानात जाऊन तो साबण मागता. औषधाचं तसं नसतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची जाहिरात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय थेट लोकांसमोर करता येत नाही. पैसे पेशंट देतो, पण कुठलं औषध घ्यायचं ते ठरवतो डॉक्टर. त्यामुळे कंपनीला जे काही सांगायचंय ते डॉक्टरांनाच सांगावं लागतं. हे सांगणारा माणूस म्हणजे एमआर.

त्याच्या दिवसाची एक वेगळीच भाषा असते. डॉक्टरला भेटणं म्हणजे 'कॉल'. महिन्याचा फिरण्याचा आराखडा म्हणजे 'टूर प्रोग्राम'. रोज रात्री कंपनीला पाठवायचा हिशेब म्हणजे 'डीसीआर', डेली कॉल रिपोर्ट. जिथं तो राहतो ते हेडक्वार्टर. जाऊन संध्याकाळी परत यायचं ते एक्स-स्टेशन. मुक्काम करायचा ते आउटस्टेशन. भत्ता या तिन्हींवर ठरतो.

समजा, एखाद्याचं हेडक्वार्टर बीड आहे. गेवराई किंवा माजलगाव त्याला एक्स-स्टेशन पडू शकतं. अंबाजोगाई आणि परळी ८०-९० किलोमीटरवर, तिथं एखादा मुक्काम पडतो. जिल्ह्यात ११ तालुके. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, बाकी तालुक्यांच्या गावात खासगी दवाखाने. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली, त्याचं कौतुक झालंच. पण दवाखान्यांची दारं रेल्वे स्टेशनला लागून नसतात. एमआरची गाडी म्हणजे अजूनही दुचाकी किंवा एसटी.

आणि या सगळ्यावर 'टार्गेट' टांगलेलं असतं. डॉक्टरने चिठ्ठी लिहायची, मेडिकलवाल्याने औषध ठेवायचं, स्टॉकिस्टने माल उचलायचा, ही साखळी जुळली की विक्रीचा आकडा दिसतो. महिना संपत आला आणि आकडा भरला नाही की 'क्लोझिंग'चं टेन्शन सुरू होतं.

आता यातली गंमत बघा. एमआर स्वतः काहीच विकत नाही. तो पावती फाडत नाही, पैसे घेत नाही. तो विक्री 'वाढवतो'. कायद्याचं सगळं भांडण याच एका शब्दावर झालं.

१९६१ चा धक्का

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ हा कामगारांचं मोठं हत्यार. कामावरून काढलं, तर त्याविरुद्ध दाद मागता येते. पण अट एकच, तुम्ही त्या कायद्याच्या व्याख्येत 'वर्कमन' म्हणजे कामगार असायला हवं.

मे अँड बेकर या औषध कंपनीच्या एका प्रतिनिधीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९६१ मध्ये कोर्टाने सांगितलं की या माणसाचं मुख्य काम आहे विक्रीसाठी प्रचार करणं. तो थोडीफार लिखापढी करतो, पण ती त्या कामाच्या ओघात येते. तो अंगमेहनतीचं काम करत नाही, तो कारकूनही नाही. मग तो 'वर्कमन' नाही.

म्हणजे कारखान्यात त्याच कंपनीच्या गोळ्या पॅक करणारा कामगार, ऑफिसात त्याच गोळ्यांचा हिशेब ठेवणारा कारकूनही कामगार. पण त्या गोळ्या गावोगाव नेणारा माणूस कुठंच बसत नव्हता. मॅनेजर म्हणावं तर त्याच्या हाताखाली कुणी नाही. कामगार म्हणावं तर कोर्ट म्हणतं नाही.

मग संघटना उभी राहिली

एमआर लोकांची संघटना बांधणं तसं अवघड. कारखान्यात हजार माणसं एका गेटवर भेटतात, तिथं सभा घेता येते. एमआर एकटा फिरतो. त्याच्या शेजारी वेटिंगमध्ये बसलेला दुसरा एमआर त्याच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा असतो. दोघांना एकमेकांचा आकडा मोडायचा असतो.

पण दोघंही एकाच बाकावर ताटकळतात, एकाच लॉजवर उतरतात, एकाच एसटीने परत येतात. या ओळखीतूनच शहराशहरांत संघटना तयार झाल्या. १९६३ मध्ये देशपातळीवर त्यांचा एक महासंघ झाला. फेडरेशन ऑफ मेडिकल अँड सेल्स रिप्रेझेंटेटिव्हज असोसिएशन्स ऑफ इंडिया, थोडक्यात एफएमआरएआय. महाराष्ट्रात काम करणारी संघटना म्हणजे महाराष्ट्र सेल्स अँड मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हज असोसिएशन, एमएसएमआरए.

या संघटनेची एक खासियत आहे. कंपनीप्रमाणे वेगवेगळी युनियन न करता धंद्याप्रमाणे एक संघटना. म्हणजे सभासद कुठल्या का कंपनीचा असेना, त्याचं शहर, त्याचं युनिट हीच त्याची ओळख. पाच-दहा जणच असलेल्या छोट्या कंपनीतल्या पोराला त्यामुळे पाठबळ मिळतं.

महाराष्ट्राचा यात मोठा वाटा असणं साहजिक होतं. देशातल्या मोठ्या औषध कंपन्यांची मुख्य कार्यालयं मुंबईत. त्यात पेटंट कायदा, १९७० आला आणि १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या घटकावरचं पेटंट गेलं, बनवण्याच्या पद्धतीवरचं राहिलं. त्यामुळे तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवायचा रस्ता भारतीय कंपन्यांना मोकळा झाला. पुढे एकाच औषधाचे ढिगाने ब्रँड बाजारात आले. औषध तेच, नावं वेगळी. मग डॉक्टरच्या डोक्यात आपलंच नाव राहावं म्हणून माणसं हवीत. एमआरची नोकरी मोठ्या शहरांतून जिल्ह्यांत आणि जिल्ह्यांतून तालुक्यांत पोहोचली ती याच स्पर्धेमुळे.

१९७६: स्वतःचा कायदा

एमआर लोकांना औद्योगिक विवाद कायद्याखाली घ्या, अशी मागणी करणारी याचिका राज्यसभेकडे गेली होती. राज्यसभेच्या याचिका समितीने १४ मार्च १९७२ ला अहवाल दिला. समिती म्हणाली, नुसती 'वर्कमन'ची व्याख्या बदलून भागणार नाही, या लोकांसाठी वेगळा कायदा करा.

त्यातून आला विक्री संवर्धन कर्मचारी (सेवाशर्ती) कायदा, १९७६. इंग्रजीत सेल्स प्रमोशन एम्प्लॉईज ॲक्ट, संघटनेच्या तोंडी 'एसपीई ॲक्ट'. ६ मार्च १९७६ पासून तो लागू झाला.

यात काय होतं?

• कामावर घेताना ठरलेल्या नमुन्यात नेमणूक पत्र देणं बंधनकारक. त्या नमुन्याचं नाव फॉर्म ए.

• कामावर घालवलेल्या दिवसांच्या अकराव्या हिश्श्याइतकी भरपगारी अर्जित रजा. आजारपणासाठी सेवेच्या अठराव्या हिश्श्याइतकी अर्धपगारी रजा.

• औद्योगिक विवाद, किमान वेतन, बोनस, ग्रॅच्युइटी, मातृत्व लाभ आणि नुकसानभरपाईचे कायदे या लोकांनाही लागू.

• आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्याख्या. विक्री किंवा धंदा वाढवण्याचं काम पगारावर करणारा माणूस, मग त्याला 'कुठल्याही नावाने ओळखलं जात असो', तो या कायद्यात बसतो. अगदी शिकाऊ उमेदवारसुद्धा.

'कुठल्याही नावाने' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

पण कायद्यात एक कुलूप होतं. महिना ७५० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांनाच तो लागू होता. पगार वाढला की संरक्षण गेलं. संघटना याविरोधात भांडत राहिली आणि १९८६ च्या दुरुस्तीने ही सर्वसाधारण मर्यादा काढली गेली. ६ मे १९८७ पासून ती दुरुस्ती लागू झाली. त्यानंतर मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे, आणि ठरावीक पगाराच्या वरचे सुपरवायझर, एवढेच बाहेर राहिले.

दुसरं दुखणं म्हणजे शिक्षा. कायदा मोडला तर दंड किती? जास्तीत जास्त एक हजार रुपये. एका डॉक्टरला दिलेल्या सॅम्पलची किंमत कधी कधी याहून जास्त भरेल.

सुरुवातीला हा कायदा औषध उद्योगापुरताच होता. जानेवारी २०११ मध्ये केंद्राने त्यात आणखी दहा उद्योग घातले. सौंदर्यप्रसाधनं आणि साबण, तयार कपडे, शीतपेयं, बिस्किटं आणि मिठाई, आयुर्वेदिक-युनानी-होमिओपॅथी औषधं, वाहनं, सर्जिकल उपकरणं, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर, विजेची उपकरणं आणि रंग. म्हणजे किराणा दुकानातून बिस्किटांची ऑर्डर घेत फिरणारा सेल्समनही याच छत्राखाली आला. अनेकांना हे आजही माहीत नाही.

मुंबईतला खटला आणि न्यायमूर्ती सावंतांचा निकाल

कायदा तर झाला, मग भांडण संपायला हवं होतं. पण महाराष्ट्रात वेगळाच पेच पडला.

आपल्या राज्याचा १९७१ चा एक खास कायदा आहे. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा. लोक त्याला 'एमआरटीयू-पीयूएलपी' म्हणतात. त्याचा फायदा असा की कामगार स्वतः थेट लेबर कोर्टात किंवा इंडस्ट्रियल कोर्टात तक्रार करू शकतो. सरकारने आधी प्रकरण कोर्टाकडे पाठवावं, मग सुनावणी, हा लांबचा फेरा चुकतो. मुंबईतल्या एमआर लोकांनी याच रस्त्याने तक्रारी केल्या.

कंपन्यांनी विचारलं, या कायद्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या 'वर्कमन'वर उभी आहे, आणि एमआर 'वर्कमन' आहेच कुठं?

प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत गेलं. खटल्याचं नाव एच. आर. अद्यंतया विरुद्ध सँडोझ (इंडिया) लिमिटेड. निकाल आला ऑगस्ट १९९४ मध्ये. तो लिहिला होता न्या. पी. बी. सावंत यांनी.

निकालाचा सोपा अर्थ असा. 'वर्कमन' ठरायचं तर तुमचं काम कायद्यात लिहिलेल्या प्रकारांपैकी एखाद्यात बसलं पाहिजे: अंगमेहनतीचं, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी वगैरे. 'मी मॅनेजर नाही, म्हणून मी कामगार' असा उलटा हिशेब चालत नाही. एमआरचं विक्री वाढवण्याचं काम यातल्या कशातच बसत नाही. एसपीई कायद्यामुळे औद्योगिक विवाद कायद्याचं संरक्षण त्याला आहे. पण महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात एसपीई कायद्याचा उल्लेखच नाही, म्हणून तिथली तक्रार टिकणार नाही.

थोडक्यात काय, तर छत्री दिली, पण महाराष्ट्रात ज्या दारातून लवकर आत जाता येत होतं ते दार बंद झालं.

ते दार उघडायला पाच वर्षं लागली. १९९९ मध्ये राज्याने आपल्या कायद्यात दुरुस्ती केली आणि कर्मचाऱ्याच्या व्याख्येत 'विक्री संवर्धन कर्मचारी' हे शब्द घातले. वाचताना किरकोळ वाटेल, पण या तीन शब्दांमुळे महाराष्ट्रातला एमआर पुन्हा थेट कामगार न्यायालयात जाऊ शकला.

एमआरची संघटना औषधांच्या किमतीवर का बोलते?

इथं अनेकांना प्रश्न पडतो. यांचं काम औषधं खपवणं. मग हेच लोक 'औषधं स्वस्त करा' म्हणून मोर्चे का काढतात?

यामागे दोन कारणं आहेत. पहिलं, एमआर स्वतः औषधाच्या किमतीचा सगळा प्रवास बघतो. कारखान्यातून निघालेली गोळी पेशंटच्या हातात पडेपर्यंत तिच्या किमतीत काय काय मिसळतं हे त्याच्याइतकं जवळून कुणाला दिसत नाही. औषधांवरचा जीएसटी काढून टाका ही संघटनेची जुनी मागणी. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, काही जीवनरक्षक औषधांवर शून्य झाला.

दुसरं कारण जास्त नाजूक आहे. डॉक्टरांना भेटवस्तू, सहली, पार्ट्या देऊन औषध लिहून घेण्याची पद्धत. हे देण्याचं काम कंपनी करून घेते आणि बदनामी होते ती बॅग उचलणाऱ्याची. म्हणून एफएमआरएआयने सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली. मागणी अशी की कंपन्यांच्या मार्केटिंगवरची आचारसंहिता ऐच्छिक न ठेवता तिला कायद्याची ताकद द्या, आणि देणाऱ्या कंपनीलाही जबाबदार धरा. विकणाऱ्यांच्याच संघटनेने विक्रीच्या पद्धतीवर कोर्टात जावं, हे तसं दुर्मीळ चित्र.

दरम्यान दोन गोष्टी झाल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲपेक्स लॅबोरेटरीजच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च कंपनीला आयकरात वजा करून मागता येणार नाही. आणि मार्च २०२४ मध्ये औषध विभागाने नवी मार्केटिंग संहिता आणली. त्यात भेटवस्तूंना बंदी आहे. फुकट सॅम्पलवर मर्यादा आहे: एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला जास्तीत जास्त १२ पाकिटं, आणि सॅम्पलची एकूण किंमत कंपनीच्या देशातल्या विक्रीच्या दोन टक्क्यांपर्यंत. डॉक्टरची भेट मिळवण्यासाठी एमआरने पैसे किंवा आमिष द्यायचं नाही, आणि एमआर काय करतो याची जबाबदारी कंपनीची, हेही त्यात लिहिलं आहे.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. उद्या वरून आदेश आला की 'त्या डॉक्टरांना हे पोहोचव', तर पोरगं कुठं उभं आहे हे या नियमाने ठरतं.

मोबाइलमधला पहारेकरी

जुन्या काळी साहेब महिन्यातून एकदा 'जॉइंट वर्क'ला यायचा. आता साहेब खिशातच असतो. ॲपवर हजेरी, प्रत्येक कॉलला लोकेशन, रिपोर्ट त्याच क्षणी. जीपीएसवरून होणारी ही पाळत थांबवा, ही संघटनेची अलीकडची मोठी मागणी आहे. त्यासोबत कामाचे तास ठरवा, कामाचे नियम कायद्याने बांधा, सरकारी दवाखान्यात काम करू द्या, टार्गेटच्या नावाखाली काढून टाकणं थांबवा. या मागण्यांसाठी २० डिसेंबर २०२३ ला देशभर एक दिवसाचा संप झाला.

सरकारी दवाखान्याचा मुद्दा मे २०२५ मध्ये पुन्हा तापला. आरोग्य सेवा महासंचालनालयाने केंद्र सरकारच्या रुग्णालयांना सांगितलं की एमआरला डॉक्टरांना भेटू देऊ नका, माहिती ई-मेलवर घ्या. हा आदेश केंद्राच्या रुग्णालयांसाठी होता. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं कॉलेज राज्याच्या अखत्यारीत येतं. पण वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते यातून कळतं. पेशंटच्या बाजूने बघितलं तर ओपीडीची वेळ पेशंटचीच असायला हवी, हेही खरंच. बाकावरच्या त्या आजींची तक्रार चुकीची नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ नंतर काय बदललं?

या दिवशी केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या. २९ जुने कायदे त्यात विरघळले. त्यातला एक म्हणजे १९७६ चा एसपीई कायदा. तो सुरक्षितता, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत गेला.

सरकारची बाजू अशी की काहीच गेलेलं नाही. औद्योगिक संबंध संहितेत 'वर्कर'च्या व्याख्येत विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचं नाव थेट लिहिलं आहे. म्हणजे १९६१ मध्ये जे नाकारलं गेलं ते आता मुख्य व्याख्येतच आलं. नेमणूक पत्र सगळ्याच कर्मचाऱ्यांना सक्तीचं झालं. ठरावीक मुदतीच्या नोकरीत एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आला, आधी पाच वर्षं लागायची.

संघटनेची बाजू वेगळी. ती म्हणते, आमच्यासाठी केलेला स्वतंत्र कायदा होता, तो परत द्या. शिवाय आता कुठल्याही आस्थापनेत संप करायचा तर १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. निम्म्या किंवा जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप धरला जातो. आणि मुदतीच्या नोकरीला कायद्याची मान्यता मिळाल्याने कायमची नोकरी आणखी दुर्मीळ होईल, ही भीती आहे.

दोन्ही बाजूंचं म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं. व्याख्येत जागा मिळाली, पण भांडायची वाट अरुंद झाली.

आता मुद्दा विद्यार्थ्यांचा

अमेरिकेत विक्री क्षेत्रातल्या लोकांच्या संघटना कॉलेजपर्यंत पोहोचल्या आहेत. तिथं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अटलांटामध्ये 'पाय सिग्मा एप्सिलॉन' नावाची विद्यार्थ्यांची संघटना सुरू झाली. विक्री आणि मार्केटिंग शिकणारी पोरं तिच्यात येतात, विक्रीच्या स्पर्धा करतात, धंद्यातल्या अनुभवी माणसांना भेटतात. म्हणजे नोकरीच्या आधीच धंद्याची ओळख होते.

आपल्याकडची एमआरची संघटना ही ट्रेड युनियन. ती काम करणाऱ्यांची. त्यामुळे पोरगं तिच्या दारात पोहोचतं ते नोकरी लागल्यावर, आणि बऱ्याचदा नोकरी अडचणीत आल्यावर.

मधल्या काळात शिकवतं कोण? कंपनी शिकवते. निवड झाली की इंडक्शन ट्रेनिंग असतं. शरीररचना, आजार, औषधाचं काम, मग आरशासमोर उभं राहून डॉक्टरला सांगायची वाक्यं घोटणं. सरकारी कौशल्य व्यवस्थेत लाइफ सायन्सेस क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने 'मेडिकल सेल्स रिप्रेझेंटेटिव्ह' हा अधिकृत जॉब रोल ठरवला आहे, त्याचा अभ्यासक्रम आहे. राज्याची २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, ज्यात पदवीधराला महिना १० हजार, पदविका किंवा आयटीआयवाल्याला ८ हजार आणि बारावी झालेल्याला ६ हजार विद्यावेतन ठरलं. ॲप्रेंटिसशिप कायद्याखालीही कंपन्या उमेदवार घेतात.

यात एक खाच आहे आणि ती कुणी वर्गात सांगत नाही. औद्योगिक संबंध संहितेतल्या 'वर्कर'च्या व्याख्येतून ॲप्रेंटिस कायद्याखालचा उमेदवार वगळलेला आहे. म्हणजे दोन पोरं एकाच दवाखान्याबाहेर, एकसारखी बॅग घेऊन उभी असतील. एक कर्मचारी, दुसरा ॲप्रेंटिस. काम तेच, पण कायद्याच्या नजरेत दोघं एक नाहीत.

सही करण्याआधी काय बघायचं?

आष्टी, केज किंवा धारूरच्या ज्या घरात आई-बापांनी ऊसतोडीला जाऊन पोराला शिकवलं, त्या घरात पहिलं नेमणूक पत्र म्हणजे पेढे वाटायचा दिवस. पेढे वाटाच, पण त्याआधी ते पत्र पूर्ण वाचा.

१. नाव काय दिलंय? ट्रेनी, एक्झिक्युटिव्ह, टेरिटरी मॅनेजर? कागदावर 'मॅनेजर' लिहिल्याने कुणी मॅनेजर होत नाही. कायदा काम बघतो. हाताखाली कुणी नसेल आणि रोज डॉक्टरांच्या भेटी घेत असाल, तर पदाचं नाव काहीही असो, तुमचा दावा टिकू शकतो.

२. तुम्ही कर्मचारी आहात, मुदतीचे कर्मचारी आहात की ॲप्रेंटिस? आणि पत्र खुद्द कंपनीचं आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं?

३. प्रोबेशन किती आणि ते वाढवायची अट काय? कायम झाल्याचं पत्र मिळणार का?

४. हेडक्वार्टर कुठलं आणि बदलीची अट काय? बीडसाठी भरती आणि सहा महिन्यांत बदली परराज्यात, अशी अट आधीच छापलेली असू शकते.

५. पगार किती आणि भत्ता किती, हे वेगळं बघा. भत्ता पेट्रोलात जातो. पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी पगारावर मोजतात, दुचाकीच्या भत्त्यावर नाही.

६. मूळ मार्कशीट जमा करायला सांगितली तर थांबा. पडताळणीला मूळ कागद दाखवायचा आणि परत घ्यायचा. बाँड असेल तर रक्कम आणि मुदत वाचा.

७. महिनाअखेरीला आकडा भरण्यासाठी स्वतःच्या खिशातून माल उचलू नका. हे कुठल्याच पत्रात लिहिलेलं नसतं, तोंडी सांगितलं जातं. आणि अडचण आली की तोंडी आदेशाचा पुरावा राहत नाही.

८. टूर प्रोग्राम, डीसीआर, पगाराच्या स्लिप, वरिष्ठांचे मेसेज यांची प्रत स्वतःकडे ठेवा. नोकरी गेली की कंपनीचं ॲप आणि ई-मेल सगळ्यात आधी बंद होतं. तुम्ही काय काम करत होता हे कोर्टात दाखवायला हाच कागद लागतो.

अडचण आलीच तर रस्ते आहेत. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात तक्रार करता येते आणि संघटनेच्या जवळच्या युनिटकडे जाता येतं. एकट्याने भांडायची गरज नाही, यासाठीच तर १९६३ पासून ही खटपट चालू आहे.

शेवटी

१९६१ मध्ये कोर्टाने एका एमआरला सांगितलं, तू कामगार नाहीस. त्यानंतर १५ वर्षांनी कायदा आला, त्यानंतर ११ वर्षांनी पगाराचं कुलूप निघालं, १९९४ मध्ये महाराष्ट्रातलं दार बंद झालं आणि १९९९ मध्ये उघडलं. २०२५ मध्ये सगळी मांडामांड पुन्हा नव्याने झाली. या प्रत्येक वळणावर भांडण एका व्याख्येचं होतं, आणि त्या व्याख्येवर कुणाच्या तरी घरचा किराणा अवलंबून होता.

पुढच्या वेळी दवाखान्यात तुमच्या आधी कुणी बॅगवाला आत गेला तर राग येईल, येऊ द्या. फक्त एवढं लक्षात असू द्या की त्याचा मोबाइल त्या क्षणी त्याचं लोकेशन कुठंतरी पाठवतोय, आजचे आठ कॉल झालेत आणि अजून दोन बाकी आहेत, आणि परळीहून बीडला येणारी शेवटची एसटी त्याला गाठायची आहे.